शेरीफची पानं

३ मार्च १९३८, गुरुवार

आज आमच्या नाटकातल्या मिलो स्टानेकनं हॉलिस कॉल्टरच्या हातातली पानं पेटवली.

कार्यक्रम थेट चालू असताना शेजारच्याच्या कागदाला खालून काडी लावायची, ही आम्हा रेडिओवाल्यांची जुनी खोड आहे. मग तो बिचारा जाळ वर यायच्या आत वाक्यं संपवायला धावतो, समोर माईक असल्यामुळे त्याला फुंकरही मारता येत नाही आणि बाकीचे तोंडात रुमाल कोंबून उभे. माझी पानं पेटवली होती तेव्हा मी अख्खा प्रसंग एका दमात म्हणून टाकला. आमचा दिग्दर्शक प्रुइट म्हणाला, "ऑरव्हिल टॅकेट, हे नाटक होतं की खेचरांचा लिलाव?" मी मिझुरीत तरुणपणी खेचरांचेच लिलाव करत होतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

हॉलिसच्या वाटेला मात्र आजवर कुणी गेलं नव्हतं. मूकपटांच्या काळात पोरं त्याच्या नावाचे पट्टे कमरेला बांधून हिंडायची. घोडा, धूळ आणि हॉलिस, एवढ्यावर चित्रपटगृहं भरायची. पुढे बोलपट आले, त्यातही तो काही वर्षं टिकला. मग स्टुडिओनं त्याला सोडलं. आता दर गुरुवारी, कार्यक्रमाचा खर्च उचलणाऱ्या पेलमन ओट्स कंपनीच्या कृपेनं तो अर्धा तास 'शेरीफ गॅरिटी' असतो. मी त्याचा स्वयंपाकी, म्हातारा पीट. आठवड्याला पाचसहा वाक्यं, त्यातला निम्मा खोकला.

तर काडी लागली. हॉलिसनं घाई केली नाही. जाळ अंगठ्याशी आला तेव्हा त्यानं पानं सोडली, बुटानं विझवली आणि रिकाम्या हातानं उरलेला प्रसंग त्याच संथ आवाजात म्हटला. एक शब्द इकडचा तिकडे नाही. स्टुडिओत समोर बसलेले प्रेक्षक उभे राहिले. पेलमनचा माणूस हॅवरकॅम्प काचेच्या खोलीतून धावत बाहेर आला. आमची नायिका मेव्हिस लुंड म्हणाली, "आम्ही कागदावरून चुकतो आणि हा राखेतून वाचतो."

सगळे त्याची पाठ थोपटत होते तेव्हा मी खाली वाकून सगळ्यात वरचं जळकं पान उचललं. वरचा कोपरा शाबूत होता. पान चौथं. हॉलिस बोलत होता तो प्रसंग सहाव्या पानावरचा.

५ मार्च, शनिवार

माझे कान लहानपणापासून तिखट आहेत. लिलावात मागच्या रांगेत कोण घसा खाकरला यावरून मी किंमत चढवायचो. आता आठवायला बसलो तर एकेक गोष्ट जुळायला लागली. संपलेलं पान आम्ही आवाज न करता गालिच्यावर सोडतो. मेव्हिसचं पडतं तेव्हाच माझं पडतं, मिलोचंही. हॉलिसचं मात्र कधीही पडतं. जणू झाडाचं पान.

म्हणून आज त्याला व्हाइन रस्त्यावरच्या खाणावळीत जेवायला नेलं. तिथल्या पदार्थांच्या कार्डावर आज एक चिठ्ठी टाचलेली होती: भट्टी बिघडली आहे, फक्त ॲपल-पाय आणि कॉफी मिळेल. मी कार्ड त्याच्या हातात दिलं. त्यानं शांतपणे वरून खाली नजर फिरवली.

वाढणारी बाई आली. हॉलिस म्हणाला, "मला स्टेक. कांदा भरपूर."

"आणि सोबत मोर देऊ का भाजून?" ती म्हणाली. "दादा, डोळे घरी ठेवून आलात का?"

हॉलिस हसला. खिसे चाचपून म्हणाला, "चष्मा गाडीत राहिला वाटतं."

मी त्याला चष्म्यात कधी पाहिलेला नाही. आम्ही दोघांनी ॲपल-पाय खाल्ला. फार मजेत गेली दुपार. माणूस गोड आहे, यात वाद नाही.

१० मार्च, गुरुवार

हॉलिसची बायको थेल्मा दर गुरुवारी सुपाचा थर्मास घेऊन स्टुडिओच्या बोळात बसते. हिरवी टोपी, मांडीवर हात. रंगीत तालीम आणि प्रत्यक्ष कार्यक्रम यांच्यामध्ये ती त्याच्या खोलीत जाते. आम्ही तिची थट्टा करायचो, की आई बाळाला भरवायला आली. आज कळलं, सुपाबरोबर काय जातं ते. रंगीत तालमीनंतर प्रुइट घड्याळ बघून काटछाट करतो. हा प्रसंग गाळा, ते वाक्य उडवा. आम्ही पेन्सिलीनं खुणा करतो. हॉलिसही पेन्सिल फिरवतो, पण खरी काटछाट त्याला थेल्मा सांगते.

आज तिनं मला बोळात गाठलं.

"ऑरव्हिल, शनिवारी तुम्ही त्याला स्टेक मागवायला लावलंत."

"बाई, त्यानंच मागवला."

"भट्टी बंद आहे असं लिहिलं होतं ना?"

"होतं."

"मग सांगितलं का नाहीत?"

"मला वाटलं, त्यानं वाचलं असेल."

"कुणाला बोललात?"

"कुणाला नाही. मी काय राक्षस आहे?"

"मी तसं म्हटलं नाही," ती म्हणाली. "तुम्हीच म्हणालात."

मग बसून तिनं सगळं सांगितलं. डाकोटात लहानपणी शेतावर जुंपलेला पोरगा, शाळेचं तोंड पाहिलं नाही. पुढे घोड्यांच्या खेळात, तिथून कॅमेऱ्यापुढे. मूकपटात कुणी विचारलं नाही. बोलपट आले तेव्हा हिनं रोज सकाळी गाडीत वाचून दाखवायला सुरुवात केली, ती आजतागायत. "हे बाहेर पडलं तर रेडिओ संपला," ती म्हणाली. "दुसरं काही उरलेलं नाही त्याच्याकडे. घोड्यावर बसायचं वय गेलं. तो मूर्ख नाही हो."

"मला सांगताय?" मी म्हटलं. "राखेतून वाचतो तो."

ती हसली नाही. काही बायकांना विनोदाचं वावडंच असतं.

२४ मार्च, गुरुवार

पीटला आज दोन पानं मिळाली. एक गाणंसुद्धा. हॉलिसनं आपण होऊन प्रुइटला सांगितलं, "म्हाताऱ्याला जरा बोलू द्या, लोकांना आवडतो तो."

मी मागितलं नव्हतं, हे इथं नोंदवून ठेवतो. फक्त मागच्या आठवड्यात मेव्हिसशी बोलताना, हॉलिस पलीकडे उभा होता तेव्हा, एवढंच म्हटलं होतं, "मला वाचायची फार हौस गं. पण वाचायला काही देतच नाहीत इथं. हॉलिसला विचार, वाचण्याचं सुख त्याला माहीत."

मेव्हिस म्हणाली, "तुला एवढी हौस आहे तर टेलिफोनची यादी वाच."

हॉलिसचा चेहरा पडद्यावर नेहमी दगडासारखा दिसायचा, तसाच समोरही दिसतो.

११ एप्रिल, सोमवार

थेल्माला पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात ठेवलंय. जखम चिघळली तर महिनाभरही जाईल म्हणतात. तिनं मला बोलावून घेतलं. उशीवर चेहरा कागदासारखा पांढरा.

"दुसरं कुणी असतं तर तुम्हाला सांगितलं नसतं," ती म्हणाली.

आजारी माणसाचं बोलणं मनाला लावून घेऊ नये. मी म्हटलं, "बाई, निर्धास्त राहा."

संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. खोऱ्यात अक्रोडाच्या झाडांमागे लहानसं घर, कुंपणापाशी म्हातारा घोडा. मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून वाचू लागलो आणि हॉलिस ओट्याभोवती फिरू लागला. मला वाटलं ऐकत नाही. मग लक्षात आलं, तो ती वाक्यं ठिकठिकाणी ठेवत होता. चुलीपाशी पहिला प्रसंग, कपाटापाशी दुसरा, मग खुर्ची, मग खिडकी, शेवटी मागचं दार.

"उभा माईकसमोर असतो," त्यानं सांगितलं, "पण चालतो इथं. चुलीपासून निघतो. जे जिथं ठेवलं ते तिथं असतं."

"आणि प्रुइटनं प्रसंग गाळला तर?"

"थेल्मा सांगते, आज खुर्ची काढ. मग मी खुर्चीपाशी थांबत नाही."

दोनदा वाचलं. तिसऱ्या वेळी तो मला दुरुस्त करू लागला. मेव्हिसची वाक्यं, माझीसुद्धा. मला वाचायला शिकायला विसावं वर्ष उजाडलं, तेही बियाण्यांच्या गोणींवरची अक्षरं लावून लावून. कुणी आयतं वाचून दाखवलं नाही. माणसाला मनापासून हवं असलं तर येतं, असं माझं मत आहे.

२० एप्रिल, बुधवार

आज वाचन संपल्यावर हॉलिसनं कॉफी ओतली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "गड्या, अक्षरं शिकवशील का मला? थेल्मा घरी येईल तेव्हा तिला तिच्या नावाची पाटी वाचून दाखवीन म्हणतो."

"या वयात?" मी म्हटलं.

"पन्नाशीच तर आहे."

"म्हाताऱ्या घोड्याला नवी चाल शिकवू नये, हे तूच सांगतोस ना? आणि मी आहे की. रोज येतो, काय कमी पडतंय तुला?"

"काही नाही," तो म्हणाला. "तू येतोस ते फार आहे."

हे ऐकून बरं वाटलं. उगाच नाही म्हणणार, पण मला असं कुणी आजवर म्हटलेलं नाही. गाडीत बसल्यावर मात्र वाटलं, शिकवलं असतं तर काय बिघडलं असतं. मग वाटलं, शिकला की मला कोण बोलावणार. हाही विचार खरा आहे, म्हणून लिहिला.

३ मे, मंगळवार

दुपारी खाणावळीत पाठीमागच्या बाकावर हॅवरकॅम्प आणि प्रुइट बसले होते. मी वर्तमानपत्राआड.

हॅवरकॅम्प म्हणत होता, "महिनाअखेर करार पुन्हा करायचा की नाही ते ठरवायचंय. ओट्स विकले जाताहेत, पण ते शेरीफमुळे, कॉल्टरमुळे नाही. शेरीफ आमचा आहे. आत कुणीही बसेल."

"लोक त्याच्यावर जीव टाकतात," प्रुइट म्हणाला.

"टाकू द्या. एकदा तरी घसरला तर मला कारण मिळेल. हा घसरतच नाही."

प्रुइट निघून गेल्यावर हॅवरकॅम्प उठून माझ्या बाकावर आला. म्हणजे मी तिथं आहे हे त्याला ठाऊक होतं. "टॅकेट, तू लोकांचे आवाज काढतोस म्हणे."

मी हॉलिसच्या आवाजात म्हटलं, "साहेब, टोपी डोक्यावर असू दे, हात तेवढे वर करा."

हॅवरकॅम्पनं डोळे मिटले. "पुन्हा म्हण."

पुन्हा म्हटलं. तो जाताना माझी कॉफीही मागवून गेला. मी काही कबूल केलं नाही आणि काही मागितलंही नाही. दोघांच्या बोलण्यात कुणाचं वाईट चिंतलेलं नव्हतं.

१२ मे, गुरुवार

नीट लिहून काढतो.

गोष्ट अशी होती: डॉइल नावाच्या गुरंवाल्याला, म्हणजे मिलोला, गोळी लागते. तो शेरीफच्या मांडीवर मरतो. शेरीफ म्हणतो, "टोप्या काढा, पोरांनो. डॉइल गेला. भला माणूस होता." मेव्हिस हुंदका देते. हा खिडकीपाशी ठेवलेला प्रसंग.

रंगीत तालीम लांबली. प्रुइट घड्याळ आपटून म्हणाला, "डॉइलला मारायला आपल्याला वेळ नाही. नुसता जखमी करू. शेवटी तोच चोराचं नाव सांगेल, मामला आटपेल." नववं पान अख्खं गेलं. शिवाय आधीचा एक छोटा प्रसंग आणि एक सुटं वाक्य.

थेल्मा अजून अंथरुणात आहे, म्हणून तिचा थर्मास मीच भरून नेतो. हॉलिसच्या खोलीत बसलो. सांगितलं, "खुर्ची काढ. कपाटातलं दुसरं वाक्य काढ. मागच्या दारापाशी पहिलं बोलणं डॉइलचं." त्यानं डोळे मिटून चालून पाहिलं.

"डॉइलचं?" तो म्हणाला. "मेलेला बोलतो?"

"भूत आहे," मी म्हटलं. "प्रुइटची नवी शक्कल."

तो हसला. तेवढ्यात प्रुइट डोकावून गेला, तयार राहा म्हणाला. खिडकीचं सांगायचं राहून गेलं.

पूर्वेकडच्या लोकांसाठी आम्ही पाच वाजता बोलतो, तिकडे तेव्हा रात्रीचे आठ. तीन तासांनी तेच सगळं पुन्हा पश्चिमेसाठी. पहिल्या खेळाला तीनशे प्रेक्षक समोर. चूल छान गेली. कपाट छान गेलं. मग हॉलिस खिडकीपाशी थांबला.

"टोप्या काढा, पोरांनो. डॉइल गेला. भला माणूस होता."

मेव्हिस पानं उलटीपालटी करू लागली. तिच्या कागदावर ते नव्हतंच. मिलोनं छातीवर बोट ठेवून मला खुणेनं विचारलं, मी? काचेमागे प्रुइट दोन्ही हात हलवत होता. रेडिओवर शांतता म्हणजे काय, हे त्यात उभं राहिल्याशिवाय कळत नाही. हॉलिस मेव्हिसच्या हुंदक्याची वाट बघत होता. ती विसरली असं वाटून त्यानं तिला सांभाळून घेतलं आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं, पहिल्यापेक्षा सुंदर. तळमळून. मी इतकी वर्षं रंगमंचाच्या आसपास आहे, असा शोक ऐकलेला नाही.

मग मिलो, बिचारा करणार काय, कागदावर होतं ते बोलला, "शेरीफ, घोटभर पाणी द्या."

तीनशे माणसं हसली. पाणी मागितलं म्हणून हसली, पाणी पिऊन झालं म्हणून हसली, चोराचं नाव सांगितलं तरी हसली. हॉलिस मागच्या दारापर्यंत गेला, एकही शब्द चुकला नाही. शेवटी त्याच्या हातातली सगळी पानं एकदम खाली पडली.

हॅवरकॅम्प बाहेर आला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. "आठच्या खेळाला शेरीफ म्हणून टॅकेट वाचेल. पीटचं मिलो बघेल. कॉल्टर, तुम्ही विश्रांती घ्या."

आठ वाजता मी वाचलं. त्याच्याच आवाजात, त्याच्याच संथ चालीत. पश्चिमेकडच्या एकाही घरात कळलं नसेल. हॉलिस बोळात, थेल्मा बसते त्या बाकावर, डोक्यावरच्या कर्ण्यातून ऐकत होता. मी बाहेर आलो तेव्हा तो म्हणाला, "छान वाचतोस."

मी म्हटलं, "तुझीच कृपा."

"ऑरव्हिल, खिडकी?"

"अरे, सांगणारच होतो. मध्येच प्रुइट आला ना."

"हं," तो म्हणाला आणि टोपी घालून गेला.

१३ मे, शुक्रवार

प्रुइट आला होता हे खरं. तो गेल्यावर हॉलिस सूप संपवेपर्यंत आम्ही दोघं बसलो होतो, हेही खरं. तेव्हा सांगता आलं असतं. एकदा तोंड उघडलंही, आणि विचारलं काय, तर मीठ बरोबर आहे का.

पण समजा, सांगितलं असतं. मग पुढच्या गुरुवारी पडला असता, नाहीतर त्याच्या पुढच्या. लंगडं खेचर उभं केलं आणि गिऱ्हाइकानं पाय बघितला, तर त्यात लिलाव करणाऱ्याचा काय दोष? आणि आमच्यात एकमेकांची पानं जाळतातच की. मी तर काडीसुद्धा लावली नाही.

हॅवरकॅम्पचा फोन आला. करार माझ्याशी. कार्यक्रमात नाव कुणाचंच घेणार नाहीत, नुसता 'शेरीफ गॅरिटी'. चालेल म्हटलं.

२१ मे, शनिवार

प्रुइटच्या घरामागच्या बागेत दुपारी हॉलिसचा निरोप समारंभ. पेलमनकडून हॅम, बटाट्याची कोशिंबीर आणि बिअर. थेल्मा आली होती, काठी टेकत, हिरवी टोपी तीच. कपडे अंगावर टांगल्यासारखे.

हॅवरकॅम्पनं शेरीफ छातीवर लावतो त्या चांदणीच्या आकाराचा मोठा पुठ्ठा कापून आणला होता. आम्ही सगळ्यांनी त्यावर आधीच चार शब्द लिहून ठेवले होते, निरोपाला लिहितात तसे. मेव्हिसनं लिहिलं होतं, "पुढच्या वेळी रडायच्या आधी नाडी बघ." मिलोनं, "मेल्यावर एवढी तहान लागते हे तुझ्यामुळे कळलं." प्रुइटनं, "शांतता सोन्यासारखी, पण माझ्या घड्याळावर नको." मी लिहिलं होतं, "हॉलिस, आता निवांत वाचत बस. तुझा ऑरव्हिल." खेळीमेळीतलं सगळं.

हॅवरकॅम्पनं ग्लासवर चमचा वाजवला. "कॉल्टर, मोठ्यानं वाचा. राखेतून वाचणारा माणूस आहे हा, मंडळी."

थेल्मा काठीवर उठू लागली. "त्यानं चष्मा आणला नाही. मी वाचते."

"छे, छे. त्याच्याच आवाजात हवं."

"बस गं, थेल्मा," हॉलिस म्हणाला. त्यानं चांदणी दोन्ही हातांत धरली, माईकसमोर पानं धरायचा तशी, आणि वरून खाली नजर फिरवली.

"मेव्हिस लिहिते," तो म्हणाला, "'पहिल्या दिवशी माझे हात कापत होते. तू न बोलता माईक माझ्या उंचीचा करून दिलास. ते मी विसरले नाही.'"

कुणीतरी हसायला सुरुवात केली आणि थांबलं. मेव्हिस ग्लासात बघू लागली. आपण काय लिहिलंय हे तिला ठाऊक होतं.

"मिलो लिहितो, 'तुझी पानं पेटवली, ती तू आमच्यातला वाटलास म्हणून. आवडत नसता तर काडी वाया घालवली नसती.' आणि हे प्रुइटचं. 'तू माईकसमोर असलास की मला घड्याळ बघावं लागायचं नाही.'"

मी एकेकाचा चेहरा बघत होतो. आधी गोंधळ, मग हळूहळू उजेड. मिलोनं हातातली बशी गवतावर ठेवली. थेल्मा नवऱ्याकडे बघत होती, डोळे न हलवता.

"आता ऑरव्हिल," हॉलिस म्हणाला आणि पहिल्यांदाच पुठ्ठ्यावरून नजर उचलून माझ्याकडे पाहिलं. "'थेल्मा आजारी असताना तुला वाचून दाखवायचं मी कबूल केलं होतं. नववं पान गाळलंय हे मला माहीत होतं. मी तुला सांगितलं नाही.'" तो थांबला. "बरोबर वाचलं का रे?"

पेच कसा होता बघा. नाही म्हणावं, तर हा माणूस निरक्षर आहे असं भर बागेत मी सांगितल्यासारखं, आणि आजारी बाईला दिलेला शब्द मोडल्यासारखं. हो म्हणावं, तर पुढचं सगळं मी लिहून दिल्यासारखं. लिलावात असे पेच मी दुसऱ्यांना घालायचो. पण माझा स्वभाव पडला मोकळा. मी हसलो आणि ग्लास उंचावून म्हटलं, "शब्द न् शब्द."

माझ्याबरोबर हॅवरकॅम्प तेवढा हसला. "टॅकेट, लेका, तुझा विनोद भारी आहे. सोमवारी दहाला ये, सहीला." मेव्हिस उठून दुसऱ्या टेबलावर गेली, बहुतेक सावली सरकली होती. प्रुइटनं हॅम कापायला घेतलं.

गुरुवारी शेरीफ मीच वाचणार. त्यात काही बदल नाही. तरी वाईट वाटलं, लपवत नाही. इतक्या संध्याकाळी त्याच्या स्वयंपाकघरात घसा कोरडा केला, त्याची ही परतफेड, तीही चारचौघांत. माणूस आजारपणात केलेलं विसरतो ते विसरतोच.

निघताना त्यांची गाडी माझ्या गाडीशेजारीच होती. मी किल्ली शोधत होतो. त्यांच्या काचा खाली होत्या, मला ऐकायचं नव्हतं, पण कानांना झाकण नसतं.

हॉलिसनं चांदणी तिच्या मांडीवर ठेवली. "आता खरं वाच. काय लिहिलंय?"

थेल्मानं बराच वेळ घेतला. एकेक ओळ बोटानं वाचत गेली, खालच्या टोकाशी, जिथं माझं होतं, तिथं थांबली.

"तू वाचलंस तेच," ती म्हणाली.

"मेव्हिसचं पण?"

"मेव्हिसचं पण."

"आणि ऑरव्हिलचं?"

"तेही. तू म्हणालास तसंच आहे."

"मग कबूल केलं म्हणायचं त्यानं," हॉलिस म्हणाला आणि गाडी चालू केली.

त्या बाईनं असं का सांगावं, हे मला अजून उलगडलेलं नाही. माझं अक्षर सुवाच्य आहे, शाई काळी होती, आणि डोळ्यांचं काही दुखणं असल्याचं ती कधी बोलली नव्हती.